शाळेचें यश कोणत्या मापानें मोजावें?

सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यांत वेळापूर नांवाचा जुना गांव आहे. आषाढीच्या वारींत ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी माळशिरसहून निघाली म्हणजे पुढचा मुक्काम येथेंच करते. गांवांत अर्धनारीनटेश्वराचें यादवकालीन देवालय आहे आणि रामदेवराव यादवाच्या कारकीर्दींतील मराठी शिलालेख येथें सांपडले आहेत. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें पुरी झाली. हे लेख त्यानंतर थोड्याच वर्षांत खोदले गेले. म्हणजे सातशें वर्षांपूर्वीं वेळापुरांत मराठी अक्षर दगडावर उमटलें होतें. परंतु देवदर्शनास येणाऱ्या शंभर माणसांपैकीं तें अक्षर किती जणांना लागत असेल? फार थोड्यांना. उलट त्याच शंभरांपैकीं कित्येकांना अभंग व ओव्या मुखोद्गत असत. ह्या लोकांना शिक्षित म्हणावें कीं अशिक्षित, हा प्रश्न त्या काळीं कोणी विचारला नाहीं; कारण शिक्षणाचें मोजमाप करण्याची गरजच कोणाला वाटली नव्हती.

ती गरज गेल्या दोनशें वर्षांत उत्पन्न झाली. सरकारनें शाळांवर पैसा खर्च करावयास आरंभ केला आणि त्याबरोबर खर्चाचा हिशेब आला. हिशेब म्हटला कीं जमेच्या बाजूस कांहीं तरी मांडावें लागतें. तें काय मांडावें, ह्याविषयीं महाराष्ट्रांत एकमत कधींच झालें नाहीं. पटावरील मुलें मोजावीं, परीक्षेंत उतरलेलीं मोजावीं, चौथीपर्यंत टिकलेलीं मोजावीं, कीं शाळा सोडल्यावर दहा वर्षांनीं ज्यांना वाचतां येतें तींच मोजावीं? ह्यांपैकीं प्रत्येक माप केव्हां ना केव्हां प्रमाण मानलें गेलें, आणि प्रत्येक वेळीं कोणती शाळा चालावी व कोणती बंद पडावी, हें त्या मापानें ठरविलें. म्हणून ह्या मापांचा इतिहास हा केवळ शिक्षणखात्याच्या दप्तराचा इतिहास नव्हे. शाळेच्या उंबरठ्यापर्यंत आलेल्या आणि न आलेल्या मुलांचा तो इतिहास आहे.

इंग्रजी अंमलापूर्वींच्या पंतोजीच्या शाळेपासून आरंभ करणें सोयीचें आहे. ती कोणाच्या तरी ओसरीवर किंवा देवळांत भरे. धूळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, संध्याकाळीं एका सुरांत पाढे, पावकी, निमकी, पाउणकी म्हणावयाची, आणि हात बसल्यावर मोडी लिहावयास शिकावयाचें, हा तिचा क्रम. तींत इयत्ता नव्हत्या, वार्षिक परीक्षा नव्हती, दाखला नव्हता. मुलगा दुकानाची वही लिहूं लागला किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरांत उपयोगी पडूं लागला कीं शिक्षण पुरें झालें असें समजत. त्या शाळेची परीक्षा बाजारांत व चावडीवर होई, आणि ती कांहीं सोपी नव्हती. चुकीचा हिशेब करणाऱ्यास बाजार क्षमा करीत नसतो. परंतु ही कसोटी ज्यांना लागू होती, त्यांची संख्याच अत्यल्प होती. मुली तेथें नव्हत्या. अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें नव्हतीं. नांगर धरणाऱ्या कुणब्याचीं मुलें क्वचितच असत. जे आंत येत त्यांच्यापुरती ती शाळा यशस्वी होती. जे बाहेर राहत ते कोणत्याच हिशेबांत धरलेले नव्हते.

पुढें ह्याच शाळांच्या संख्येवरून मोठा वाद माजला. मुंबई सरकारच्या कौन्सिलाचा एक सभासद प्रेंडरगास्ट ह्यानें १८२१ सालीं लिहून ठेविलें कीं, आपल्या मुलुखांत लहान असो वा मोठें, शाळा नाहीं असें खेडें बहुधा आढळणार नाहीं. परंतु त्याच दशकांत सरकारनें कलेक्टरांकडून आंकडे मागविले, तेव्हां साऱ्या इलाख्यांत मिळून सतराशेंच्या आसपास शाळा आणि सुमारें पस्तीस हजार विद्यार्थी भरले. इलाख्याची लोकसंख्या तर शेचाळीस लाखांवर होती. मग खरें कोणाचें? शंभर वर्षांनंतर हा प्रश्न राजकारणांत आला. १९३१ सालीं लंडनमध्यें महात्मा गांधींनीं सांगितलें कीं, हिंदुस्थान पन्नास-शंभर वर्षांपूर्वीं आजच्यापेक्षां अधिक साक्षर होता. सर फिलिप हार्टॉग ह्यांनीं त्यांच्याकडे पुरावा मागितला आणि विधान खोडून काढण्याचा प्रयत्न केला. ह्या वादांत मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रामचंद्र विठ्ठल परुळेकर उतरले. १९४० सालीं त्यांनीं ब्रिटिशपूर्व काळांतील साक्षरतेवर पुस्तक लिहिलें, आणि १९४५ सालीं मुंबई प्रांतांतील १८२० ते १८३० ह्या काळच्या देशी शाळांचे सरकारी कागद संपादून प्रसिद्ध केले.

ह्या वादाचें मर्म आंकड्यांपेक्षां व्याख्येंत आहे. शाळा म्हणजे काय? पंतोजी, जागा आणि दहा-वीस मुलें असतील तरच शाळा म्हणावयाची, तर कलेक्टरांचा आंकडा बराचसा पटण्यासारखा आहे. परंतु बाप मुलाला घरींच अक्षरओळख करून देतो, किंवा एखाद्या सावकाराच्या वाड्यांत चार मुलांना मिळून एक शिकविणारा ठेवलेला असतो, हें शिक्षण धरावयाचें कीं नाहीं? धरलें तर आंकडा वाढतो. न धरलें तर तें कागदावर घडलेंच नाहीं असें होतें. कलेक्टरची कचेरी मोजूं शकत होती तेवढेंच तिनें मोजलें, आणि पुढील पिढ्यांनीं न मोजलेलें तें नव्हतेंच असें धरून चालावयास आरंभ केला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दुसरें माप आलें. इंग्लंडांत रॉबर्ट लो ह्यांच्या १८६२ च्या नियमांनीं शाळेचें अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन व गणित ह्या तीन विषयांतील परीक्षेवर अवलंबून ठेविलें. निकाल पाहून पैसा देण्याची हीच रीत मुंबई इलाख्यांतही खासगी शाळांच्या अनुदानासाठीं आली. वरवर पाहतां ह्यांत अन्याय कांहींच दिसत नाहीं. लोकांच्या पैशाचा मोबदला लोकांना मिळाला पाहिजे, आणि मुलाला वाचतां येतें कीं नाहीं हें पाहिल्यावांचून तो मिळाला असें कसें म्हणावें?

परंतु ह्या नियमाचा परिणाम शिकविण्यावर काय होतो, हें इंग्लंडांतच लवकर दिसून आलें. कवि मॅथ्यू आर्नोल्ड हा तेथें शाळांचा इन्स्पेक्टर होता. त्यानें ह्या पद्धतीवर सतत टीका केली. जो विषय परीक्षेंत नाहीं तो वर्गांतून नाहींसा होतो. नेमलेलें वाचनपुस्तक मुलें घोकून पाठ करितात, मग पुस्तक उलटें धरलें तरी वाचन अडत नाहीं. हुशार मुलगा बिनधोक उतरणार आणि अगदीं मागें पडलेला कांहीं केल्या उतरणार नाहीं, म्हणून गुरुजींचें लक्ष मधल्या दोन-चार मुलांवर खिळतें. गुरुजी लबाड असतो म्हणून असें होत नाहीं. त्याचें पोट ज्यावर चालतें त्याकडे तो पाहतो, एवढेंच. हंटर कमिशननें १८८२ सालीं देशी प्राथमिक शाळांना मदत देतांना निकालाचीच कसोटी पुढें केली होती. परंतु १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावानंतर ती पद्धत मागें पडली. मुलाला मोजावयाचें माप आणि गुरुजीला पोसावयाचें माप एकच केलें म्हणजे तें माप मुलाविषयीं खरें सांगेनासें होतें, हा धडा सरकारला जवळजवळ चाळीस वर्षांच्या अनुभवानें मिळाला.

त्याच हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले ह्यांनीं निवेदन सादर केलें. त्यांनीं प्रश्नच वेगळ्या ठिकाणीं नेऊन उभा केला. सरकारी तिजोरींत पैसा येतो तो बहुतांशीं कष्टकरी रयतेकडून, आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. मग त्या शिक्षणाचे निकाल कितीही उज्ज्वल असले तरी रयतेच्या दृष्टीनें तें यश कसें? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें असावें, मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीचें आणि आरोग्याचें प्राथमिक ज्ञान त्यांत असावें, आणि गुरुजी शक्य तर शेतकरी वर्गांतीलच असावेत, म्हणजे प्रसंगीं नांगर किंवा वाकस हातीं धरण्याची त्यांना लाज वाटणार नाहीं, अशी त्यांची मागणी होती. किती मुलें उत्तीर्ण झालीं ह्याआधीं कोणाचीं मुलें शाळेंत आलीं हें विचारा, असा ह्या निवेदनाचा रोख आहे. पंतोजीच्या शाळेंत जे हिशेबाबाहेर राहिले होते त्यांना फुल्यांनीं प्रथमच हिशेबांत आणलें.

इकडे खानेसुमारी आपल्या परीनें साक्षरतेची व्याख्या करीत होती. १८८१ सालीं लोकांचे शिकणारे, साक्षर व निरक्षर असे तीन वर्ग पाडले गेले. १९११ सालीं व्याख्या अधिक स्पष्ट झाली: ज्याला मित्रास पत्र लिहितां येतें आणि आलेलें उत्तर वाचतां येतें, तो साक्षर. ही व्याख्या सुटसुटीत व मोठी माणुसकीची आहे. तरीही ती लावून पाहिली म्हणजे कांहीं चमत्कारिक प्रसंग उभे राहतात. पोथी वाचतां येते पण पत्र लिहितां येत नाहीं, असा वारकरी तिच्या हिशेबीं निरक्षर ठरला. घरांतील एखादी बाई बाळबोध अक्षर लावून लावून हरिविजय वाची, परंतु लेखणी तिच्या हातीं कधींच दिली गेली नव्हती, तीही निरक्षर. अर्थात् व्याख्या चुकीची होती असें नव्हे. व्याख्या केली कीं तिच्या कडेवर कोणी तरी उभें असतें, आणि त्या माणसाचें काय करावयाचें हें गणना करणाऱ्यास ठरवावेंच लागतें.

ह्या सगळ्यांत महाराष्ट्रावर सर्वांत खोल परिणाम करणारा आंकडा १९२९ सालीं आला. सायमन कमिशननें नेमलेल्या हार्टॉग समितीनें हिंदुस्थानांतील शिक्षणाच्या वाढीची तपासणी केली आणि एक भयंकर प्रमाण जगापुढें ठेविलें: १९२२-२३ सालीं पहिल्या इयत्तेंत शंभर मुलें होतीं, तर १९२५-२६ सालीं चौथींत केवळ अठरा. चौथीपर्यंत शिकल्यावांचून साक्षरता टिकत नाहीं असें गृहीत धरून समितीनें निष्कर्ष काढला कीं, प्राथमिक शिक्षणावरील बराचसा खर्च वायां जात आहे. मध्येंच शाळा सोडणें ह्याला गळती आणि एकाच इयत्तेंत एकाहून अधिक वर्षें राहणें ह्याला स्थगन, हे दोन शब्द तेव्हांपासून शिक्षणचर्चेंत रूढ झाले. समितीची सूचना अशी कीं नव्या शाळा भराभर काढूं नयेत. आहेत त्या सुधाराव्या, गुरुजी चांगले तयार करावेत, तपासणी वाढवावी.

त्या अठरांचा आंकडा वाचून कोणाही विचारी माणसाला धक्का बसावा. परंतु तो कशाचा आंकडा आहे हें बारकाईनें पाहिलें पाहिजे. ते अठरा हे त्या शंभरांतलेच अठरा नव्हेत. पहिलींत नव्यानें आलेलीं मुलें असत, तशीच मागील वर्षीं तेथेंच राहिलेलींही असत. म्हणून पहिलीचा पट नेहमींच फुगलेला असे, आणि भाजक फुगला म्हणजे प्रमाण घटतें. शिवाय ज्या खेड्यांतील शाळेंत चौथीची इयत्ताच नव्हती, तेथील मुलगा चौथींत दिसणार कसा? तो गळला असें म्हणावयाचें, कीं त्याच्यापुरती शाळाच संपली असें म्हणावयाचें? आणि दुसरी शिकून गुरें राखावयास गेलेल्या मुलाचीं दोन वर्षें पूर्णपणें फुकट गेलीं, हें तरी कोणी जाऊन पाहिलें होतें? त्याच्या घरांत शाळेंत पाऊल टाकणारा तो पहिलाच असेल, तर त्याच्या मुलाला शाळेंत घालतांना त्या दोन वर्षांचा कांहींच उपयोग होणार नव्हता काय?

परुळेकरांनीं ह्या विचारसरणीस कडवा विरोध केला. ते मुंबई म्युनिसिपालिटीच्या शाळांचा कारभार आंतून पाहिलेले गृहस्थ होते. सार्वत्रिक शिक्षणावरील त्यांचें पुस्तक १९३४ सालीं निघालें आणि हिंदुस्थानांतील साक्षरतेवरील १९३९ सालीं. त्यांचें म्हणणें असें कीं, ज्या देशांत बहुसंख्य मुलें शाळेंत येतच नाहींत, तेथें आधीं शाळा सर्वांपर्यंत पोंचली पाहिजे. गुणवत्तेच्या नांवाखालीं विस्तार थांबविणें म्हणजे ज्यांना थोडें मिळत आहे त्यांचें चांगलें करण्यासाठीं ज्यांना कांहींच मिळत नाहीं त्यांना तसेंच ठेवणें. त्यासाठीं पाळीपद्धतीसारखे कमी खर्चाचे उपायही त्यांनीं सुचविले. हार्टॉग समितीची बाजूही अगदींच पोकळ नव्हती. ज्या शाळेंत मुलगा तीन वर्षें बसून अक्षर शिकत नाहीं, ती शाळा गांवांत आहे एवढ्यानें गांवाचें कल्याण होत नाहीं. परंतु १९३० नंतरच्या दशकांत प्राथमिक शाळांची वाढ मंदावली, आणि जागतिक मंदीनें रिकाम्या झालेल्या तिजोऱ्यांना समितीच्या अहवालांत आयतें समर्थन मिळालें. त्याची किंमत ज्या खेड्यांत शाळा निघावयाची होती व निघाली नाहीं तेथील मुलांनीं दिली. तीं मुलें गळतींत मोजलीं गेलीं नाहींत, कारण तीं पटावर कधीं आलींच नव्हतीं.

ह्याच काळांत शेजारच्या सातारा जिल्ह्यांत एक निराळें माप आकारास येत होतें. भाऊराव पाटील ह्यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ सालीं तिचें ठाणें साताऱ्यास आणलें. तेथील वसतिगृहांत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशा सर्व जातिधर्मांचीं मुलें एकत्र राहत, आपलें अन्न आपण शिजवीत आणि एका पंक्तीस जेवीत. १९२७ सालीं गांधीजींच्या हस्तें ह्या वसतिगृहाला छत्रपति शाहूंचें नांव देण्यांत आलें. परीक्षेंत किती मुलें उतरलीं हा आंकडा संस्थेपाशीं होताच. परंतु त्या काळच्या महाराष्ट्रांत एका पंक्तीस जेवलेल्या मुलांचें यश कोणत्या रकान्यांत लिहावयाचें? शिक्षणखात्याच्या तक्त्यांत तसा रकाना नव्हता. तरीही त्या मुलांच्या पुढील आयुष्याकडे पाहतां तेंच यश सर्वांत टिकाऊ ठरलें असें म्हणण्यास जागा आहे.

स्वातंत्र्यानंतर सातारा जिल्ह्यानेंच आणखी एक प्रयोग केला. १९५९ सालीं तेथें ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली व पुढें ती राज्याच्या इतर जिल्ह्यांत पसरली. प्रौढांना कांहीं महिन्यांत लिहावयास-वाचावयास शिकवावयाचें, आणि सारा गांव साक्षर झाला कीं ग्रामगौरव समारंभ करून ग्रामदेवतेच्या साक्षीनें तसें जाहीर करावयाचें, अशी ही योजना होती. येथें यशाचें परिमाण एक माणूस नसून अखंड गांव होता, आणि त्यामुळेंच मोहिमेला जोर आला. शेजारचा गांव पुढें गेला हें कोणत्याही गांवाला सहन होत नाहीं. परंतु समारंभाचा दिवस हा शेवट मानला गेला, तेथें पुढें वाचावयास कांहीं मिळेना आणि शिकलेलें अक्षर हळूहळू पुसट झालें. गौरव झाला त्या दिवशींचा आंकडा खरा होता, आणि पांच वर्षांनंतरची विस्मृतीही खरी होती. यश केव्हां मोजावें ह्या प्रश्नाचें महत्त्व येथें स्पष्ट होतें.

ह्या मोहिमेनंतरच्या काळांतही व्याख्या बदलतच राहिल्या. १९९१ च्या जनगणनेपासून साक्षरतेचें प्रमाण सात वर्षें व त्यावरील लोकसंख्येवर काढलें जातें. तान्हीं मुलें भाजकांतून वगळल्यामुळें नवें प्रमाण जुन्याशीं सरळ ताडून पाहतां येत नाहीं. २०११ च्या जनगणनेंत ह्या हिशेबानें महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आणि सोलापूर जिल्ह्याची सुमारें ७७ टक्के भरली. २००५ सालापासून ‘असर’ ह्या नांवाची पाहणी निघाली. तिचे कार्यकर्ते शाळेंत न जातां घरोघर जातात आणि मुलापुढें अक्षरें, शब्द, एक साधा परिच्छेद व दुसरीच्या पातळीची एक गोष्ट ठेवितात. पांचवींतील कित्येक मुलांना ती दुसरीची गोष्ट वाचतां येत नाहीं, हें त्यामुळें घरोघर कळलें. २०१५ सालीं महाराष्ट्र सरकारनें ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हातीं घेतला, तो प्रत्येक मूल शिकलें पाहिजे ह्याच भूमिकेवर. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांना २०२० सालीं जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनीं बक्षिसाची निम्मी रक्कम अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटली, ही गोष्टही सर्वश्रुत आहे. असा पुरस्कार एका शिक्षकाच्या कर्तृत्वाची ओळख पटवितो. जिल्ह्यांतील हजारों वर्गांची स्थिति त्यावरून कळत नाहीं, आणि तसा त्याचा दावाही नसतो.

वेळापूरच्या परिसरापुरतेंच पाहावयाचें तर मोजण्याची अडचण उसाच्या फडांत दिसते. माळशिरस तालुका हा साखरेचा तालुका आहे. माळीनगरचा कारखाना १९३२ पासूनचा. दिवाळीच्या सुमारास कोरडवाहू मुलुखांतून ऊसतोडणीच्या टोळ्या ह्या भागांत येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेंही येतात. मुलाचें नांव मूळ गांवच्या पटावर असतें. जुलै-ऑगस्टांत मोजलें तर तो शाळेंत आहे. जानेवारींत मोजलें तर तो फडावर धाकट्या भावंडाला सांभाळीत आहे. मार्चांत परीक्षेपुरता परत गेला तर तो वरच्या वर्गांतही जातो. पट, हजेरी आणि निकाल हीं तिन्ही पुस्तकें आपापल्या जागीं बिनचूक असूं शकतात, आणि तरीही त्या मुलाला वाचतां येत नाहीं. साखरशाळा व हंगामी वसतिगृहें निघालीं तीं ह्या मुलांना कोणी तरी हिशेबांत धरलें म्हणून.

दोनशें वर्षांच्या ह्या अनुभवावरून एकच एक निर्दोष माप हातीं लागत नाहीं. परंतु कोणत्याही मापापुढें तीन प्रश्न ठेवण्याची शहाणीव त्यांतून येते. पहिला, भाजकांत कोण धरलेले आहेत व कोण वगळले आहेत; हा फुल्यांचा प्रश्न. दुसरा, मोजणी कोणत्या दिवशीं होते, समारंभाच्या कीं त्यानंतर पांच वर्षांनीं. हा साताऱ्याच्या मोहिमेनें शिकविलेला प्रश्न. तिसरा, आंकडा वाईट निघाला तर त्याचें फळ कोणाच्या पदरांत पडतें. निकालावर अनुदान होतें तेव्हां तें गुरुजीच्या पदरांत पडलें आणि त्यानें मुलांकडून पुस्तक घोकून घेतलें. हार्टॉगच्या वेळीं तें खेड्याच्या पदरांत पडलें आणि तेथें शाळा निघालीच नाहीं. आंकडा वाईट निघाला म्हणून त्या गांवाकडे अधिक पैसा, अधिक चांगले गुरुजी व अधिक लक्ष गेलें, असें जेव्हां होईल, तेव्हां वाईट आंकडा लपविण्याचें कारण कोणालाच उरणार नाहीं. शिक्षणखात्यानें, जिल्हा परिषदेनें आणि वर्तमानपत्रांतून निकालाचे तक्ते वाचणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं हे तीन प्रश्न दरवर्षीं विचारण्याची संवय ठेविली, तर फडावरचें तें मूल निदान मोजलें तरी जाईल.